कोहळदऱ्याचं शून्य

मैत्रेयीला दोन खोडी होत्या. एक, तिला चटकन भीती वाटायची. आणि दुसरी, कुणी थाप मारली की ती पकडल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही. या दोन्ही खोडी एकाच माणसात नांदू लागल्या की घरच्यांचं कठीण होतं, आणि तिच्या नवऱ्याचं, रवीचं, झालंच होतं. दारव्ह्याच्या बसस्टँडमागे ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. इंटरनेटवर खरी माहिती कशी ओळखायची हा धडा ती इतक्या पोटतिडकीनं शिकवायची की पोरं तिला पाठीमागे 'सोर्स मॅडम' म्हणत. कुणी म्हणालं, आज पाणी येणार नाही, तर मॅडम विचारणार, सोर्स काय?

त्यामुळं रवीच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज आला तेव्हा आधी ती घाबरली आणि लगोलग तिची बोटं शिवशिवली. मेसेज असा होता: 'महागाव तालुक्यात गोवराचं थैमान. चाळीस मुलं दगावली. सरकार आकडे लपवत आहे. लहान लेकरं घेऊन तिकडं फिरकू नका.' खाली व्हिडिओ. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बाया छाती पिटत होत्या.

घाबरायला कारण होतं. रविवारी त्यांना महागाव तालुक्यातच जायचं होतं. फुलसावंगीच्या पलीकडं कोहळदरा, ते रवीचं गाव. तिथं नणंदेचं, सुरभीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. आणि मैत्रेयीची खुशी आठ महिन्यांची होती. गोवराची लस नऊ महिने भरल्यावर देतात. म्हणजे गोवरापुरती खुशी अजून उघडी होती.

मैत्रेयीनं आपलाच धडा गिरवायला घेतला. व्हिडिओतलं चित्र शोधलं, तर तो दुसऱ्याच राज्यातला आणि कितीतरी वर्षांपूर्वीचा निघाला. चाळीस मुलांची बातमी एकाही वर्तमानपत्रात नव्हती. मग ती आरोग्याच्या सरकारी साईटवर गेली. दर आठवड्याची आकडेवारी, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. साईट रडतखडत उघडली, पण उघडली. कोहळदरा. गोवर: शून्य. मृत्यू: शून्य. तारीखही ताजी होती.

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं त्या तक्त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'अफवा पसरवू नका, ही अधिकृत माहिती.' तरी मनाची खात्री म्हणून सासूला, मथुराबाईंना, फोन लावला.

"आई, गावात गोवर हाय काय हो?"

"गोवर? नाही बाप्पा. कोनं सांगतलं तुले? ये तू लेकराले घेऊन. सुरभी वाट पाहून राह्यली."

आता मथुराबाई खोटं बोलल्या का? मुळीच नाही. त्या बाईनं जन्मात कुणाला फसवलं नसेल. साईट खोटं बोलली का? तीही नाही, तिला जे सांगितलं गेलं ते तिनं दाखवलं. आणि मैत्रेयीनं तर सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं केलं होतं. इतकी सगळी खरी माणसं एकत्र आली की माणूस किती बिनघोर होतो बघा.

साक्षगंध झकास झालं. मंडपात माणूस मावत नव्हता. खुशीला मैत्रेयीपाशी क्षणभर राहू दिलं नाही कुणी. शेजारच्या चंदाबाईंनी तर दुपारभर तिला मांडीवरच ठेवलं. चंदाबाई मथुराबाईंच्या वयाच्या, त्यांचं घर मथुराबाईंच्या भिंतीला भिंत लावून. त्यांचा नातू आयुष, पाचेक वर्षांचा, खुशीच्या गालाला सारखा हात लावत होता, मुके घेत होता. त्याचं नाक वाहत होतं, डोळे लालबुंद होते आणि मधूनमधून ढासेसारखा कोरडा खोकला येत होता.

"मंडपाची धूळ लागली त्याले," चंदाबाई म्हणाल्या आणि पदरानं त्याचं नाक पुसलं. त्याच पदरानं नंतर खुशीचं तोंडही पुसलं.

रवी सोमवारी कामावर परतला. मैत्रेयी दोन दिवस राहणार होती. मंगळवारी सकाळी मथुराबाईंनी तिला चंदाबाईंचं पातेलं परत करायला पाठवलं. चंदाबाईंच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा खोचलेला होता. उंबरा शेणानं ताजा सारवला होता. आत अंधार होता आणि फोडणीचा वास नव्हता.

"थांब वं, आंदर नोको येऊ," आतून चंदाबाईंचा आवाज आला. "माता आल्या आयुषले."

मैत्रेयी पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. "कशा आल्या, काकू?"

"कशा म्हंजे? जशा येतात. आंधी ताप, खोकला. मंग कानामागून निघाल्या, मंग तोंडावर, आता पोटापावतर उतरल्या."

"पाणी भरलं काय फोडात?"

"नाही, पाणी-बिणी नाही. बारीक बारीक, लाल. भरगच्च आल्या माय."

पाणी भरलं असतं तर कांजण्या. मैत्रेयीनं गेल्या आठवड्यात गोवरावर इतकं वाचलं होतं की तिला डॉक्टरची गरज नव्हती. ताप, खोकला, लाल डोळे, मग कानामागून खाली उतरणारे बारीक लाल पुरळ. पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून लागण होते हेही तिनं वाचलं होतं. चार दिवस आधी म्हणजे साक्षगंधाचा मंडपही त्यातच आला. पातेलं तिनं उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि ती पळत घरी आली.

"आई, मी विचारलंतं ना तुम्हाले फोनवर! गोवर हाय काय म्हणून विचारलंतं!"

मथुराबाई गोंधळल्या. "तू गोवर विचारला ना? ह्या तं माता हायेत. वरच्या आळीत बी आल्या दहा-पाच घरी. त्या तं दरसाल येतात या दिवसात."

"आई, हाच गोवर हाय!"

"काहीतरीच. गोवर थो मोठा रोग. लेकरं मरतात त्यानं, तूच तं म्हणे."

मैत्रेयीच्या आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा या घरातला शेंदूर लावलेला गोटा नाल्यात गेला, देव्हारा गेला, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आले. सगळं गेलं, पण जिभेवरचा 'माता' हा शब्द कुणी काढला नाही. तो तसाच राहिला होता, कुणाचं काही न बिघडवता. आज बिघडवलं.

मैत्रेयीनं खुशीला उचललं आणि उपकेंद्राचा रस्ता धरला. रस्ता वरच्या आळीतून जात होता. एका दारावर डहाळा, मग दोन दारं सोडून आणखी एक, मग लागून तीन. काही सुकून करडे पडले होते, काही सकाळीच तोडलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. दारव्ह्यात बसून ती जे शोधत होती ते इथं दारादारावर हाताच्या उंचीवर टांगलेलं होतं, कुणीही वाचावं असं. तिनं खुशीचं तोंड ओढणीनं झाकलं आणि भिंतींपासून लांब, रस्त्याच्या मधोमध चालू लागली. खुशीला तो खेळ वाटला, ती ओढणीखाली हसत होती. मैत्रेयीला रडू फुटायला आलं होतं.

उपकेंद्रात विमल सिस्टर एकट्याच होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुशीच्या कपाळाला हात लावला.

"एक उपाय हाय," त्या म्हणाल्या. "संपर्क आल्यापासून तीन दिवसांच्या आत लस दिली तर रोग टळू शकते. सहा महिन्यांच्या वरच्या लेकराले साथीत देतात. झिरो डोस म्हणतात त्याले. हिशेबात धरत नाहीत, नऊ महिन्यांचा पुन्हा द्याच लागते, म्हणून झिरो."

"मग द्या ना! आजचा दुसरा दिवस हाय. उद्यापर्यंतच वेळ हाय."

"माह्या मनानं नाही देता येत. साथ हाय असं वर दिसलं पाहिजे. अन वर काय दिसते, पाहा." सिस्टरनं मोबाईल पुढं केला. मैत्रेयीला आकडा वाचायची गरज नव्हती. कोहळदरा. गोवर: शून्य. पण ती साईट नव्हती, खाली तिचीच ओळ असलेला, तिनंच ग्रुपवर टाकलेला फोटो होता. फिरत फिरत सिस्टरपर्यंत आला होता. "हा आला तवा मले बी बरं वाटलं. म्हटलं, चला, कोणी तरी खरं पाठवलं."

मैत्रेयीनं मोबाईल परत केला.

"पण सिस्टर, तुम्हाले दारावरचे डहाळे दिसत नाहीत काय?"

"दिसतात ना. मी काय आंधळी हाव?" सिस्टर चिडल्या, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. "दारोदार गेली मी. गोवर हाय काय विचारलं, सगळे म्हणे नाही. माता हायेत काय विचारलं, तर म्हणे हो, पण आंदर येऊ नका. वर तोंडी कळवलं तर म्हणे, लेकरू डोळ्यानं पाह्यलं काय? म्हटलं, नाही. म्हणे, मंग शून्य टाका. डहाळ्याचा रकाना नाही ना बाई त्याच्यात."

"एक केस दाखवली तर?"

"एक लेकरू मले माह्या डोळ्यानं पाहू द्या. ताप अन पुरळ, बस. रोगाचं नाव कोणी घेतलं नाही तरी चालते. आत्ता डॉक्टर साहेबाले फोन लावते."

मैत्रेयीनं तिथूनच रवीला फोन केला. त्यानं पुसदच्या दोन दवाखान्यांत विचारलं. दोन्हीकडून तेच उत्तर आलं: लस नऊ महिन्यांनंतर, आणि त्या भागात साथ असल्याचं कुठं दिसत नाही. रवीनं सांगताना आवाज खाली आणला. तो तिच्यावर चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

म्हणजे राहिल्या चंदाबाई.

खुशीला मथुराबाईंकडं देऊन मैत्रेयी पुन्हा त्या उंबऱ्यापाशी उभी राहिली. चंदाबाई दारात आल्या, पण दार पूर्ण उघडलं नाही. मातेच्या दिवसात परक्याला घरात घेत नाहीत हे खरंच होतं. तरीही मैत्रेयीच्या मनात एक जुनी शंका येऊन गेली, की परका म्हणजे कोण कोण. हीच बाई परवा तिच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ती शंका बाजूला सारली. तेवढी चैन आज परवडणारी नव्हती.

"काकू, आयुषले सिस्टरला दाखवू द्या. नुसतं पाहीन ती. हात नाही लावणार."

"मातेले दवाखाना नाही दाखवत, बाई. कोप होते."

"त्याले श्वास कसा लागून राह्यला, मले इथून ऐकू येते."

"म्हणूनच नाही दाखवत." चंदाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "माह्या धाकट्याले नेलंतं, लय साल झाले. माता अंगावर होत्या अन त्याच्या बापानं नेऊन सुई टोचली. दिवस मावळायच्या आत गेला लेकरू. हातात गेला माह्या. आता सांग तू."

तो पोरगा सुईनं नाही, रोगानं गेला असणार, हे मैत्रेयीला कळत होतं. पण ज्या बाईच्या हातात लेकरू गेलं तिला पुरावा मागायची हिंमत तिच्यात नव्हती. आणि भीती म्हणाल तर दोघींच्या भीतीत तसूभर फरक नव्हता. एकीला वाटत होतं सुई टोचली तर मरेल, दुसरीला वाटत होतं नाही टोचली तर.

"काकू," ती म्हणाली, आणि मग तिचा धीरच सुटला. "माही खुशी तुमच्या मांडीवर होती हो रविवारी. आयुषनं मुके घेतले तिचे. तुम्ही ज्या पदरानं त्याचं नाक पुसलं त्याच पदरानं तिचं तोंड पुसलं. मी पाह्यलं अन काही बोलली नाही, कारण मले वाटे गावात काही नाही. उद्यापावतर तिले लस नाही भेटली तर... काकू, आठ महिन्यांची हाय ती."

चंदाबाईंनी आपल्या पदराकडं पाहिलं. "तिले आल्या काय?"

"अजून नाही. कळायलेच दहा-बारा दिवस लागतात."

चंदाबाईंनी दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज मैत्रेयीनं ऐकला.

त्या रात्री खुशी एकदा शिंकली आणि मैत्रेयी ताडकन उठून बसली. मोबाईलच्या उजेडात तिनं लेकीच्या कानामागं पाहिलं, पोटावर पाहिलं, मग पुन्हा कानामागं. मथुराबाई जाग्याच होत्या. "माह्यानं चुकलं वं," एवढंच म्हणाल्या. मैत्रेयीनं त्यांचा हात धरून ठेवला. चुकलं कुणाचं हे ठरवायला नंतर उभा जन्म पडला होता.

सकाळी ती खुशीला घेऊन पुन्हा उपकेंद्रात गेली. काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. पाया पडायचे, भांडायचं, नाही तर तिथंच बसून राहायचं. सिस्टर कुलूप काढत होत्या तेवढ्यात रस्त्यावरून चंदाबाई येताना दिसल्या. अनवाणी. कडेवर पांढऱ्या धोतरात गुंडाळलेला आयुष, हातात लिंबाचा डहाळा, त्यानं त्या पोराला वारा घालत होत्या. त्या पायरीपाशी थांबल्या.

"रातभर हात जोडले मातेले," त्या सिस्टरला म्हणाल्या, मैत्रेयीकडं न बघता. "म्हटलं, माय, एक डाव पाहू दे. सुई नाही लागू देत तुले. तुमी नाव घेऊ नका तिचं. बाकी काय लिहायचं थे लिहा."

"नाही घेत," सिस्टर म्हणाल्या. "अन सुई बी नाही लावत. तोंडातून द्यायचं औषध हाय."

त्यांनी धोतर बाजूला केलं. पोराच्या अंगावर तीळभर जागा उरली नव्हती. बरगड्या भात्यासारख्या खालीवर होत होत्या. सिस्टरनं त्याच्या जिभेवर जीवनसत्त्वाचं गोड औषध सोडलं, डॉक्टरला फोन लावला, अॅम्ब्युलन्स मागितली, आणि त्याच फोनवर विचारलं, "साहेब, झिरो डोस?" मैत्रेयी त्यांच्या ओठांकडं बघत होती. मग सिस्टर म्हणाल्या, "हो सर. समोरच हाय."

खुशीच्या दंडात सुई गेली आणि तिनं टाहो फोडला. मैत्रेयीच्या आयुष्यात तिला इतकं गोड काही ऐकू आलं नव्हतं. पण सिस्टरनं लगेच बजावलं, "ग्यारंटी नाही, बाई. वेळेत दिली एवढंच. पंधरा दिवस नजर ठेवा." म्हणजे भीती गेली नव्हती. तिला मुदत मिळाली होती.

अॅम्ब्युलन्स चंदाबाईंना आणि आयुषला घेऊन गेली. चंदाबाईंनी मातेला दवाखाना दाखवला आणि मातेनं काही केलं नाही, ही बातमी साईटवर पोचायच्या कितीतरी आधी गावात पोचली. तासाभरात उपकेंद्राच्या पायरीवर बाया दिसू लागल्या. कुणाच्या कडेवर, कुणाच्या पाठीला, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लेकरं. कुणी नाव घेत नव्हतं. "आमच्या बी घरी आल्या," एवढंच म्हणायच्या. सिस्टर एकेक लेकरू तपासत होत्या, मैत्रेयी खुशीला मांडीवर घेऊन दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी बसून त्यांच्या मोबाईलवर माहिती भरत होती. तिची बोटं चालत होती आणि कोहळदऱ्याचा आकडा वाढत होता. चाळीस नव्हते, शून्य नव्हतं. खरा आकडा असा एकेक करून दारातून आत येत होता, आणि प्रत्येक आकड्याला खोकला होता.

गर्दी सरत आली तेव्हा प्रियंका आली. गावाच्या टोकाला राहणारी, विशीतली पोर. ती रिकाम्या हातानं आली होती.

"लेकरू कुठं हाय, बाई?" सिस्टरनं विचारलं. "तसं नाही चालत. पाह्याच लागते. घरून घेऊन ये."

प्रियंका तिथंच उभी राहिली. तिची नजर खुशीवर होती, तिच्या दंडावरच्या कापसाच्या बोळ्यावर.

"हिले टोचलं काय?"

"हो," मैत्रेयी म्हणाली.

"बरं केलं." मग ती सिस्टरकडं वळली. "माही पाच महिन्यांची होती. मातेनं नेली, संक्रांतीच्या आधी. तिचं बी लिहिता काय? का जित्यांचंच लिहिता?"

सिस्टरचा हात होता तिथंच थांबला. मैत्रेयीनं खुशीला इतकं घट्ट धरलं की ती कळवळून रडू लागली. त्या पोरीसमोर असं धरताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण काही केल्या तिचे हात सैल होईनात.